बाहुलीचा आजा

राउरकेला
२४ एप्रिल १९६२

चंपा,

जयभीम. इकडं मी बरा. तिकडं तू, आई अन् दुर्गा बऱ्याच असान, कारण तुह्या पत्रात बिमारीचं एक अक्षर नाही. सगळं शिबिरच शिबिर आहे.

पत्र आधी फकिराले वाचून दाखवलं. फकिरा म्हणजे आपल्या खुर्सीपारचाच, माह्या गँगमधला. तो हासला, म्हणून मंग एकट्यानं पुन्हा वाचलं. म्हणजे असं का, कारखान्याच्या वेल्फेअरवाल्याईनं मजुराच्या पोराईसाठी उन्हाळ्याचं शिबिर काढलं. अहिवाऱ्याच्या वाटेवर, तळ्याच्या काठी, मोहाच्या झाडाखाली. उजाडलं का ट्रक येईन, पोट्टे भरून नेईन, ऊन चढायच्या आत वापस आणून टाकीन. तिथं पोट्टे झाडं पाहतीन, पाखरं पाहतीन, मातीत खेळतीन. अन् त्याईले सांभाळायले तुले बोलावलं, कारण आपल्या ओळीत सातवी पास बाई तू एकटीच.

चंपा, मातीत खेळायले ट्रक कायले पाहिजे? आपल्या दारात माती कमी आहे काय? पावसाळ्यात तं ते घरात येते.

पण तू जा. दुर्गाले बी ने. मी मना करून राहिलो नाही. फक्त तो भैय्याजी मास्तर कोण, ते लिही. तुह्या पत्रात त्याचं नाव जागोजागी आहे. माह्यं नाव फक्त पत्त्यावर आहे.

तिकडं भिलाईच्या कारखान्याचं काम आटोपलं म्हणून ठेकेदारानं आमाले इकडं आणलं, पण इथं मन लागत नाही. तिथंबी लागत नव्हतं, तुले माहीत आहे. गर्डर चढवणं सुरू आहे. सगळ्यात वर जायचं असलं का फोरमन म्हणते, "कवडू को भेजो, बंदर है." मी जातो. तिथून नदी दिसते, डोंगर दिसते, रेल्वेचा रूळ दिसते. रूळ खुर्सीपारलेच जाते, पण खुर्सीपार दिसत नाही.

आईले सांग, तंबाखू कमी कर.

कवडू


खुर्सीपार
४ मे १९६२

दुर्गाच्या बाबांना जयभीम.

शिबिर सुरू झालं. पहिल्याच दिवशी दुर्गाने एक चप्पल तळ्यात घालवली. ती रडणार तोच मास्तर म्हणाले, "बरं झालं, आता पाय शिकतील." तेव्हापासून ती दुसरीही घालत नाही.

सकाळी पहिलं काम दाखवणीचं. तळ्याकाठी एक चपटा दगड आहे. ज्याला काही नवं सापडलं असेल त्याने दगडावर उभं राहायचं आणि सगळ्यांना दाखवायचं. कोणी नीळकंठाचं पीस आणतं, कोणी सापाची कात, कोणी सुगरणीचं पडलेलं घरटं. दुर्गाला अजून काही सापडलं नाही, म्हणून ती रोज झुरते.

मग झाड ओळखायचा खेळ. डोळ्यांना फडकं बांधून एखाद्या झाडापाशी न्यायचं. झाडाला मिठी मारायची, साल चाचपायची, वास घ्यायचा. परत आणून फडकं सोडलं की आपलं झाड शोधून काढायचं. मीही खेळले. मिठी मारली मोहाला आणि शोधून काढला तेंदू. पोरं हसून हसून लोळली.

तुम्ही मास्तरांचं विचारलं. ते वर्ध्याकडचे, इथे शाळेत शिकवतात. घरी म्हातारी आई आहे, लग्न केलेलं नाही. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या मडक्यातलं पाणी मागून घेतलं आणि सगळ्यांसमोर प्यायले. आईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आपल्या हातचं पाणी पेला? मंग माणूस नाही तो, देव आहे." मी म्हटलं, आई, देव आपण सोडले ना आता. तर म्हणतात, "नाव सोडलं वो, सवय कुठं सोडली!"

आता मुख्य गोष्ट. जुलैपासून खुर्सीपारात लहान पोरांचं बालमंदिर निघणार आहे. मास्तरांनी वेल्फेअरच्या साहेबांना माझं नाव सांगितलं. पगारी काम आहे. साहेब म्हणाले, "बाई लग्न झालेली आहे, तेव्हा नवऱ्याची हरकत नाही असं त्याच्या हातचं पत्र आणा, शिबिर संपायच्या आत."

मला हे काम पाहिजे. आजवर मी तुमच्याकडे बांगड्या मागितल्या, लुगडं मागितलं. असं काही मागितलं नव्हतं. पत्र लवकर पाठवा.

चंपा


राउरकेला
९ मे १९६२

चंपा,

तुह्यं पत्र भेटलं. आधी तू "मले" लिहित जाय, आता "मला" लिहाले लागली. चांगलं आहे. मी काही त्या शाळेत नाही, म्हणून मले "मले"च लिहिता येते. ते बी तूच शिकवलं, लग्न झाल्यावर, अंगणात काडीनं गिरवून. आता ते काडी दुसऱ्याच्या पोराईसाठी गेली.

झाडाले मिठी मारायले मास्तर लागते, हे मले नवीन आहे. डोळे कोण बांधते? तू लिहिलं नाही कोण बांधते. तुह्ये डोळे कोणं बांधले, ते लिही.

अन् तुले मोह अन् तेंदू समजला नाही? तू साकोलीकडची. मोह वेचून वेचून तुह्या मायची पाठ वाकली. डोळे बांधले म्हणून काय हात बी बांधले होते? का मुद्दाम चुकली, मास्तर हासते म्हणून?

हातचं पाणी पेला, त्याचं कवतिक मले नको सांगू. माह्या हातचं पाणी इथं तेलुगू पेते, बिहारी पेते, सरदार पेते. ऐंशी हात वर एकच बाटली राहते, तिथं कोण कोणाले विचारते? जमिनीवर पाणी पेऊन दाखवणारा माणूस वेगळा. तो कायले दाखवते, ते आधी पाहा लागते.

लग्न कावून नाही केलं त्यानं? वय किती आहे? दिसाले कसा आहे?

दुर्गा पत्रात माह्यं काही विचारत नाही काय? का तिलेबी पाखरंच पाखरं दिसतात?

हरकतीचं मंग पाहू. मले काम आहे.

कवडू


राउरकेला
१३ मे १९६२
(कार्ड)

चंपा, फकिरा सुट्टीवरून वापस आला. त्यानं आपल्या डोळ्यानं पाहिलं. लग्नाचा मांडव होता, वाजा वाजत होता, तू गालाले हळद लावून पाटावर बसली होती अन् बाजूच्या पाटावर मास्तर. आपण बुद्धाचे झालो, हळद-बाशिंग सोडलं, अन् तू कोणाच्या लग्नात जोडीनं बसली? त्या मास्तराले सांग, माही बायको झाड नाही. बालमंदिर नाही, काही नाही. दुर्गाले घेऊन गाडीत बस अन् इकडं ये. कवडू


खुर्सीपार
१८ मे १९६२

दुर्गाचे बाबा,

तुमाले "मले" पाहिजे होतं ना? घ्या. मले आज पुस्तकाची भाषा लिहाले वेळ नाही.

तुमी कार्ड टाकलं. बंद लिफाफा नाही, कार्ड. पोस्टमन आला तवा मी नळावर होती. आईनं कार्ड दुर्गाच्या हातात देल्लं, "तुह्या बापाचं आलं." पोरीनं ते उशीखाली लपवलं. मले सांगतलं नाही. दुसऱ्या दिवशी ट्रकमधून फराकीत लपवून नेलं. कायले माहीत आहे? दाखवणीले. तिले इतक्या दिवसात काही सापडलं नव्हतं, पीस नाही का कात नाही. तिनं म्हटलं, माह्याजवळ बाबाचं कार्ड आहे.

दगडावर उभी राहिली अन् वाचाले लागली. तुमाले माहीत आहे ती कशी वाचते. एक एक अक्षर बोट ठेवून, मोठ्यानं. मी तिकडं चुलीपाशी दलिया शिजवत होती. आधी माह्यं नाव आयकू आलं, मले वाटलं गाणं म्हणून राहिली. मंग "ह-ळ-द" आलं. पोट्टे हासाले लागले. मी पळत आली तोवर "मा-ही बा-य-को झा-ड ना-ही" इथवर आली होती. तिथं साऱ्या बाया होत्या. ट्रकचा डायवर होता. वेल्फेअरच्या साहेबाची बायको खुर्चीवर बसली होती, तिले मराठी येत नाही, ती टाळ्या वाजवत होती.

मास्तर तिथंच उभे होते. ते दुर्गाले म्हणाले, "छान वाचलंस. एकही जोडाक्षर चुकलं नाही." अन् तळ्याकडं निघून गेले. मले जमीन फाटली असती तं बरं वाटलं असतं. दुर्गाले अजून समजलं नाही काय झालं. ती विचारते, "आई, सगळ्याईले आवडलं ना?"

आता तुमच्या लग्नाचं आयका. आपल्याकडं आखाजी म्हणतात, तिले इथले छत्तीसगडी लोक अक्ती म्हणतात. अक्तीले इथले पोट्टे मातीच्या बाहुला-बाहुलीचं लग्न लावतात. पळसाच्या पानाचा मांडव, टिनाच्या डब्ब्याचा वाजा. शिबिरातबी लावलं. बाहुली दुर्गानं केली, तळ्याच्या मातीची. म्हणून दुर्गा नवरीची माय. मी दुर्गाची माय, म्हणजे मी नवरीची आजी. मास्तर नवरदेवाकडून, म्हणजे ते व्याही. दोन्हीकडच्या म्हाताऱ्याईले पाटावर बसवलं अन् पोट्ट्याईनं हळद फासली. मास्तराच्या टकलाले बी हळद होती, ते फकिरानं सांगतलं नाही काय? हो, टक्कल आहे त्याईले. तुमी विचारलं होतं ना दिसाले कसे आहेत? असे आहेत. वय मी विचारलं नाही, चाळीसच्या वर असान.

अन् डोळे मनकर्णा बांधते. आठ वर्षाची आहे. तिच्यावर जळा आता.

हळद लागली, पण लग्न लागलं नाही. दुर्गा आडवी झाली. म्हणाली, "बाहुलीचा आजा राउरकेल्याले आहे. तो आल्याबिगर लग्न नाही." सगळ्याईनं समजावलं, मानली नाही. तवापासून हळद लागलेली नवरी सुपात बसून आहे. मुंग्या लागल्या तिले.

मी येणार नाही. साहेबाले पत्र पाहिजे ते पाहिजेच. तुमाले काही म्हणायचं असन तं इथं येऊन म्हणा. कार्ड टाकू नका.

चंपा


खुर्सीपार
३० मे १९६२

दुर्गाचे बाबा,

तुमी आले अन् गेले. ज्या दिवशी आले त्याच दिवशी गेले. आई रात्री दार उघडं ठेवून बसली होती, भाकरी झाकून. तिले मी काय सांगू?

तुमी गाडीतून उतरून थेट तळ्यावर आले, ते मले आवडलं होतं. खोटं कायले बोलू? तुमी मोहाखाली दिसले, खांद्यावर पिशवी, अंगाले कोळशाचा वास, अन् दुर्गा ओरडली, "नवरीचा आजा आला!" साऱ्या पोट्ट्याईनं तुमाले घेरलं. तुमी पाटावर बसले. हळद लावू देल्ली. मी म्हटलं, हे आता आपलं सारं सोडलेलं आठवतीन, पण तुमी हासले. मास्तरानं व्याही म्हणून तुमाले मिठी मारली, तवाही हासले. लग्न लागलं, चण्याच्या अक्षता पडल्या, पोट्ट्याईनं त्या वेचून खाल्ल्या. मले वाटलं, झालं. निवळलं.

मंग डाबडुबली मांडली. तुमालेच हौस आली होती. मास्तर म्हणाले, "कवडूभाऊ, खेळता काय?" तुमी चप्पल काढली.

काडी दूर फेकली, डाववाला ती आणाले पळाला अन् तुमी सरसर झाडावर गेले. पार शेंड्याकडल्या फांदीवर. तिथं कोणाचं पोट्टं येऊ शकत नाही. ज्याच्यावर डाव येई त्याले तुमाले शिवता ये ना, तो खालून पाही अन् रडकुंडीले येई. मास्तर म्हणाले, "भाऊ, पोरांचा खेळ आहे, जरा खालच्या फांदीवर या." तुमी वरून काय म्हणाले? "खेळ खेळ असते, मास्तर. हिंमत असन तं वर या." ते बिचारे धोतर खोचून चढले. ढोपर सोललं. अर्ध्यावर थांबले, ना वर जाता ये ना खाली. तुमी वर पाय हालवत बसले होते. तुमचं ते हासणं मले आवडलं नाही.

अन् डाव तवा दुर्गावर होता; ती कवा मागच्या बाजूनं चढली, मलेही दिसलं नाही. दिसली तवा मी पदर पसरून झाडाखाली पळाली. अनवाणी, फांदीले चिकटून, सरड्यावानी. तिनं तुमच्या टाचेले हात लावला. "बाबावर डाव! बाबावर डाव!" तळ्यापलीकडं गेला असन आवाज.

तुमी उतरले. पिशवी घेतली. चप्पल घातली. मले वाटलं पाणी पेऊन येतीन. तुमी सडकेले लागले. मी हाका मारल्या. माघारी पाहिलं नाही.

कार्डाचं पोट्टे विसरले होते. पण डाव न देता पळाला, ते पोट्टे विसरत नाहीत. ट्रकमध्ये सारे दुर्गाले चिडवतात, "तोर ददा भाग गे! डांव दे बिन भाग गे!" काल ती मनकर्णाच्या झिंज्या धरून भांडली. रात्री मले म्हणते, "आई, मी हात लावाले नको होता काय?" याचं उत्तर तुमी द्या.

मास्तरानं पुन्हा तुमचं नाव काढलं नाही. ढोपराले पट्टी लावून येतात.

आता शेवटचं. शिबिर उद्या संपते. मी साहेबाजवळ गेली अन् बालमंदिराले हो म्हटलं. साहेब म्हणाले, "पत्र?" मी म्हटलं, येते. त्याईनं जूनच्या पंधरापर्यंत थांबतो म्हटलं. तुमचं पत्र नाही आलं तं ते दुसऱ्या बाईले घेतीन. अन् मी तुमाले काही म्हणणार नाही. भांडणार नाही, रडणार नाही, लिहिणार नाही. पाहा मंग कसं लागते ते.

चंपा


राउरकेला
५ जून १९६२

चंपा,

फकिराले आल्या आल्या विचारलं, बाहुलीचं लग्न होतं हे कावून नाही सांगतलं? तो म्हणते, "मी कवा म्हटलं माणसाचं होतं?" त्याले दोन लगावल्या. मंग दोघांनी बिडी ओढली. त्याचा दोष कमी आहे. त्यानं चिमूटभर सांगतलं, बाकीचं मी शिजवलं.

मले हे पत्र लिहाले तीन दिवस लागले. लिहितो अन् फाडतो. आता फाडणार नाही, कागद संपला.

मी तळ्यावर आलो तवा माह्या मनात मास्तराले पाण्यात ढकलायचं होतं. टक्कल पाहून ढकलावं वाटलं नाही. खरंच सांगतो, बरं वाटलं. मी म्हटलं, या माणसावर आपण महिनाभर जळलो? झोप घालवली? हळद लावू देल्ली ती त्याच खुशीत. मले वाटलं, जळणं संपलं.

मंग तू म्हणशीन, वर कावून जाऊन बसले. मास्तराले हरवायले नाही, चंपा. आधी तसंच वाटलं. पण वर गेल्यावर मास्तर दिसलाच नाही मले. मी खाली पाहत होतो, अन् तिथं पोट्टेच पोट्टे. एक जण नुसता उताणा पडला होता, डोळ्यावर पान ठेवून. काही करत नव्हता. कोणी त्याले उठ म्हणत नव्हतं.

तुले माहीत आहे, आमच्या गावी मी मालगुजाराच्या बकऱ्या राखो. दुर्गाएवढा असन. बकऱ्याईले पाला पाहिजे म्हणून मले झाडावर चढवत. चढ म्हटलं का चढायचं, उतर म्हटलं का उतरायचं. सगळी झाडं मले माहीत होती, कोणती फांदी कडकन मोडते, कोणत्या सालीले घाम सुटला का हात घसरते. एकदा पाला तोडून झाला अन् मी फांदीवर झुललो. थोडासाच. वारा होता. खालून दिवाणजीनं पाहिलं. त्यानं मले उतरवलं अन् त्याच झाडाची शिमटी मलेच तोडाले लावली. बाकीचं तुले माह्या पाठीवर दिसते, तू विचारलं होतं अन् मी पडलो म्हणून सांगतलं होतं.

त्यानंतर मी वर बसून खाली पाहिलं नाही, असा एक दिवस गेला नाही. इथं गर्डरवरबी पाहतो. फोरमन कुठं आहे, ठेकेदार कुठं आहे. लोक म्हणतात कवडूले उंचीची भीती नाही. उंचीची नाहीच. खालच्या माणसाची आहे.

अन् दुर्गा आली. मले टाचेले हात लागला, मी वळून पाहिलं. तिचे केस तोंडावर, दात एक पडलेला, अन् हासून राहिली. चंपा, तिनं एकदाबी खाली पाहिलं नाही. कोणी ओरडीन, कोणी मारीन, कोणाचं झाड आहे, काही नाही तिच्या डोळ्यात. मले ते माही पोरगी वाटली नाही. मालगुजाराची वाटली.

अन् मी जळलो. असा जळलो का मास्तरावर त्याच्या चाराणेबी जळलो नव्हतो. माह्या पोटच्या पोरीवर. बाप असा जळते काय कुठं? मले तिले ढकलावं वाटलं असं नाही, तसं समजू नको. पण मले वाटलं, हिले हे कावून भेटलं? मले कावून नाही? मीच तं आणलं ना हे सगळं, माह्या ऐंशी हातावरच्या मजुरीनं? मंग माह्या वाट्याले डाव देणंच कावून? जनमभर तेच देत आलो. म्हणून उतरलो अन् चालाले लागलो. तुह्या हाका आयकू आल्या. मी बहिरा नव्हतो.

दुर्गच्या स्टेशनवर पोहोचेपर्यंत हळद घामानं डोळ्यात गेली. तिकीटबाबू म्हणाला, "नई शादी है क्या?" मी म्हटलं, "हौ."

दुर्गाले सांग, तिनं हात लावला ते बरोबर होतं. नियमानं माह्यावर डाव आला. पोट्ट्याईले म्हणा, त्याईनं म्हटलं ते खरं आहे, मी पळालो. कोणाच्या झिंज्या धरू नको म्हणा त्याच्यासाठी. मास्तराले काय सांगायचं ते मले समजत नाही. माफी मागितली तं तो "बरं, बरं" म्हणीन अन् माह्यं डोकं अजून फिरीन. ढोपर बरं झालं काय, एवढं विचार. माह्यं नाव सांगून विचार.

आता तुह्या कामाचं. तू लिहिलं, भांडणार नाही, रडणार नाही, लिहिणार नाही. ते मले सोसणार नाही, हे तुले माहीत असनच, म्हणूनच लिहिलं.

मी तुले खरं सांगतो. मले आवडत नाही. तू सकाळी दुसऱ्याच्या पोराईत जाशीन, त्याईच्या हातात काडी देशीन, ते तुले बाई म्हणतीन, अन् मी इथं लोखंडावर बसून तुह्या तोंडून रोज कोणकोणाची नावं आयकीन. मले जळन होईन. उद्याबी होईन, परवाबी होईन. मी ते बंद करतो असं वचन देत नाही, कारण ते माह्याच्यानं होणार नाही अन् तू पकडशीन.

पण ते पोट्टे खाली उताणे पडले राहावे. त्याईले कोणी उठवू नये. ते तुह्याशिवाय कोणाले जमणार नाही, कारण तुह्या मायची पाठ तुले आठवते.

साहेबाले पाहिजे तसं "हरकत नाही" असं माह्याच्यानं लिहवत नाही. खोटं होईन. तू हेच पत्र दाखव, नाही तं नुसतं एवढंच सांग, अन् माही सही खाली आहे ती दाखव: नवऱ्याची हरकत आहे. पण त्याची मनाई नाही.

कवडू दसरू नंदेश्वर
खलाशी, गर्डर चढवणारी गँग